सात तारखेचा पगार आणि कंपनीचा ताळेबंद

कंपनीला उधार कोण देते, असा प्रश्न केला तर बँक, वित्तसंस्था, ठेवीदार अशी नावे लगेच पुढे येतात. ती बरोबर आहेत, पण यादी तेथे संपत नाही. कामगार महिनाभर आधी राबतो आणि त्या श्रमाचे दाम पुढच्या महिन्याच्या सात तारखेला घेतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी केलेल्या कामाचे पैसे त्याच्या हाती पाच आठवड्यांनी पडतात. एवढी उधारी तो दर महिन्याला देतो. तिला व्याज नाही, तारण नाही आणि जामीनही नाही. औद्योगिक वसाहतीत सुटे भाग करून देणारा लहान कारखानदार आज माल पोहोचवतो आणि दोन-तीन महिन्यांनी पैसे पाहतो. उपाहारगृहाचा कंत्राटदार, मालमोटारीवाला, खोकी पुरवणारा, छपाईवाला हे सगळे त्याच रांगेत उभे आहेत. कामगाराचा पगार लांबला की त्याच्या किराणा दुकानदाराकडची बाकीही वाढत जाते. तेव्हा कंपनीची प्रकृती कशी आहे, ही चौकशी थोड्या भागधारकांपुरती राहत नाही. ती साऱ्या गावाची होते.

उधार देणाऱ्याने घेणाऱ्याची ऐपत पाहावी, हा व्यवहार आपल्या आजीलाही ठाऊक होता. कंपनीच्या बाबतीत मात्र आपण कचेरीची इमारत, साहेबांची मोटार आणि दिवाळीची रोषणाई पाहून ऐपत ठरवतो. खरी ऐपत लिहिलेली असते ती ताळेबंदात. आम्ही हिशेबशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. वाटाघाटींत समोरची बाजू कागद पुढे सरकवी, तो वाचता यावा म्हणून रात्री बसून शिकलो. आणि शिकता शिकता असे दिसले की, ज्याला घरखर्चाचा मेळ घालता येतो त्याला यातले निम्मे आधीच येत असते. त्यांतले एकच साधन आज उलगडून सांगावयाचे आहे. व्यवहारात त्याला करंट रेशो म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत चालू गुणोत्तर.

‘चालू’ म्हणजे काय?

कंपनी नफ्यात आहे की तोट्यात, हा एक प्रश्न. येत्या वर्षभरात जी देणी द्यावयाची आहेत, ती देण्यापुरता पैसा वेळेवर हाती येईल काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. बागायतदाराच्या नावावर दहा एकर ऊस उभा असतो आणि मुलीच्या फीसाठी घरात दोन हजार रुपये नसतात. त्याला गरीब कोण म्हणेल? पण फी तर आजच भरावयाची असते. कंपनीचेही असेच होते. जमीन, इमारत, यंत्रे यांची किंमत कोट्यवधी असली तरी त्या यंत्राचा तुकडा तोडून कोणाला पगार देता येत नाही.

म्हणून ताळेबंदात मालमत्तेचे दोन भाग पाडलेले असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याची तिसरी अनुसूची याची व्याख्या देते. धंद्याच्या नेहमीच्या फेऱ्यात किंवा बारा महिन्यांच्या आत जिचे रोख पैशात रूपांतर व्हावे ती चालू मालमत्ता. हा फेरा सोपा आहे. रोकड देऊन कच्चा माल घेतला, कच्च्याचा अर्धा तयार आणि त्याचा पुरा तयार माल झाला, तो उधारीवर विकला, आणि उधारी वसूल होऊन पुन्हा रोकड झाली. या फेऱ्यात फिरणाऱ्या पैशालाच आपल्या भाषेत खेळते भांडवल असे सुरेख नाव आहे. रोकड, बँकेतली शिल्लक, गिऱ्हाइकांकडून येणे, सर्व प्रकारचा मालसाठा, इतरांना दिलेले आगाऊ पैसे, हे सारे चालू मालमत्तेत येते. त्याचप्रमाणे नेहमीच्या फेऱ्यात किंवा बारा महिन्यांत जी फेडावयाची ती चालू देणी. पुरवठादारांचे पैसे, बँकेचे कॅश क्रेडिट, मुदतकर्जाचा या वर्षी द्यावयाचा हप्ता, गिऱ्हाइकांनी आगाऊ भरलेल्या रकमा, कर, भविष्यनिर्वाह निधी, आणि आपला न दिलेला पगार. होय, कामगार महिनाअखेर ताळेबंदात बसलेला असतो तो याच खान्यात.

चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागले की चालू गुणोत्तर मिळते. एवढाच त्याचा मंत्र.

एक काल्पनिक कारखाना घेऊ. तो शेतीचे पंप करतो. आकडे लाखांत आहेत. रोकड व बँक शिल्लक १०, गिऱ्हाइकांकडून येणे ९०, तयार माल ५०, कच्चा व अर्धा तयार माल ४०, आगाऊ दिलेल्या रकमा १०. एकूण चालू मालमत्ता २००. दुसऱ्या बाजूला पुरवठादार ६०, बँकेचे कॅश क्रेडिट ४५, मुदतकर्जाचा वर्षाचा हप्ता १५, पगार, फंड व कर १५, गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे १५. एकूण चालू देणी १५०. दोनशे भागिले दीडशे म्हणजे १.३३. वर्षात द्यावयाच्या प्रत्येक रुपयामागे वर्षात मोकळा होणारा एक रुपया तेहतीस पैसे कारखान्याजवळ आहेत, असा याचा अर्थ. गुणोत्तर एकाच्या खाली गेले तर वर्षाची देणी वर्षाच्या जमेपेक्षा जास्त झाली, असे समजावे.

दोन, आणि एक तेहतीस

मग किती असावे? पुस्तकांत दोन हा आकडा सापडतो. तो अमेरिकेतील बँकवाल्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील बँका कर्ज मागणाऱ्याचा ताळेबंद पाहू लागल्या, आणि मालाला निम्मीच किंमत आली तरी आपले कर्ज वसूल व्हावे, अशा हिशेबाने त्यांनी दोनास एक हे माप धरले. पण तेथेच १९१९ मध्ये अलेक्झांडर वॉल यांनी फेडरल रिझर्व्हच्या पत्रिकेत शेकडो पेढ्यांचे आकडे मांडून दाखवले की, धंद्याधंद्यागणिक आणि प्रदेशागणिक हे माप बदलते, आणि एकट्या एका गुणोत्तरावर विसंबणे योग्य नव्हे.

आपल्याकडे रूढ झालेला आकडा १.३३ चा. त्याचा उगम माहीत असावा. १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला आणि १९७५ मध्ये त्याचा अहवाल आला. कारखानदाराने आपला सगळा मालसाठा बँकेच्याच पैशावर उभा करू नये, हा त्यातला मुख्य विचार. त्यांच्या दुसऱ्या पद्धतीनुसार चालू मालमत्तेचा निदान चौथा हिस्सा धंदेवाल्याने स्वतःच्या किंवा दीर्घ मुदतीच्या पैशातून उभारावयाचा. शंभरातले पंचवीस त्याचे, म्हणजे चालू देणी पंचाहत्तर. शंभर भागिले पंचाहत्तर म्हणजे १.३३. ही सक्ती रिझर्व्ह बँकेने १९९७ मध्ये काढून घेतली, तरी आकडा बँकांच्या बोलण्यात टिकून राहिला आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, हे दोन्ही आकडे बँकांनी आपल्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी ठरवले. बँकेजवळ माल तारण असतो. कामगाराजवळ काय असते? आपल्याला या आकड्याच्या पोटात शिरून पाहिले पाहिजे.

वरच्या आकड्याचे पोट

आमचा पंपांचा कारखाना पुन्हा पाहू. त्याची वर्षाची विक्री ३६० लाख, म्हणजे महिन्याला ३०. येणे ९०, म्हणजे तीन महिन्यांची विक्री लोकांकडे अडकलेली. मागच्या वर्षी विक्री एवढीच होती आणि येणे ६० होते. बाकीचे आकडे तेच असतील तर मागच्या वर्षी चालू मालमत्ता १७० आणि गुणोत्तर १.१३ होते. या वर्षी ते १.३३ झाले. संचालकांच्या अहवालात ‘स्थितीत सुधारणा’ असे लिहिले जाईल, आणि आकड्याला धरून ते खोटेही ठरणार नाही. पण झाले काय? मागच्या ६० पैकी ३० लाख गिऱ्हाइकांनी दिलेच नाहीत. वर्षाचा नफा म्हणून जे तीस लाख दाखवले, ते या बुडत्या उधारीत जाऊन बसले. गुणोत्तर वाढले आणि तिजोरी होती तेथेच राहिली.

आता ते तीस लाख बाजूला काढा. तयार मालातही जुन्या घडणीचे, आता कोणी घेत नाही असे वीस लाखांचे पंप धूळ खात असतील, तर तेही काढा. दोनशेचे दीडशे उरले. गुणोत्तर बरोबर एक. पुढे जाऊन मालसाठा आणि आगाऊ रकमा अजिबात धरू नका. रोकड दहा आणि वसूल होण्याजोगे येणे साठ, मिळून सत्तर. सत्तर भागिले दीडशे म्हणजे ०.४७. मालसाठा वगळून केलेल्या या भागाकाराला आम्लकसोटी म्हणतात. सोनार आम्ल लावून सोने पारखतो, त्यावरून हे नाव. त्याच कागदावर एक तेहतीसही होते आणि सत्तेचाळीस शतांशही होते. आकडा विचारणारा काय विचारतो, यावर उत्तर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, हे काल्पनिक आहे. तर जेथे हे माप जन्मले त्या अमेरिकेतलेच घडलेले उदाहरण घेऊ. डब्ल्यू. टी. ग्रँट ही १९०६ मध्ये निघालेली दुकानांची प्रचंड पेढी. हजाराहून अधिक दुकाने, वर्षानुवर्षे नफा, भागधारकांना लाभांश. १९७३ मध्ये तिचे भाग कमाईच्या जवळजवळ वीस पट किमतीला विकले जात होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी याच पेढीने दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढच्याच वर्षी ती पार मोडीत निघाली आणि हजारो नोकरांचे काम गेले. १९८० मध्ये लार्गे आणि स्टिकनी या दोघा अभ्यासकांनी तिचे जुने ताळेबंद उकरून पाहिले. गिऱ्हाइकांना सैल हाताने उधारी दिली गेली होती, दुकानांतून माल साठत गेला होता, आणि प्रत्यक्ष धंद्यातून येणारी रोकड दहा वर्षांपैकी बहुतेक वर्षी उणे होती. ही तूट कर्ज काढून भरली जात होती. पण उधारी आणि साठा ही दोन्ही चालू मालमत्तेतच मोजली जातात; त्यामुळे रूढ गुणोत्तरांवरून पेढीच्या जिवाचा धोका लवकर उमगला नाही.

त्याआधी १९६६ मध्ये विल्यम बीव्हर यांनी ७९ बुडालेल्या आणि तितक्याच तगलेल्या कंपन्या शेजारी शेजारी ठेवून तपासले होते. बुडण्याची चाहूल सर्वांत आधी कशाने लागते? त्यांचे उत्तर असे की, धंद्यातून येणारी रोकड आणि एकूण कर्ज यांचे प्रमाण पुढे, आणि ज्यावर सगळ्यांची भिस्त ते चालू गुणोत्तर बरेच मागे. म्हणून चालू गुणोत्तर पाहताना शेजारी रोखप्रवाहाचे पत्रक उघडे ठेवावे. धंद्यातून आलेली रोकड सलग दोन-तीन वर्षे उणे असेल, तर गुणोत्तर कितीही गोजिरे दिसो, त्यावर विश्वास टाकू नये.

खालच्या आकड्याचे पोट

चालू देणीही उलगडून पाहावी लागतात. सर्वांत मोठा धोका असतो तो थोड्या मुदतीचे पैसे उचलून दीर्घ मुदतीच्या कामात घालण्याचा. नव्वद दिवसांच्या उचलीवर कोणी घर बांधायला काढले तर भिंती उभ्या राहण्याआधी सावकार दारात येईल. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तसमूहाचे हेच झाले. रस्ते, वीजप्रकल्प अशी पंधरा-वीस वर्षांनी फळ देणारी कामे, आणि त्यांच्यापाठी अल्प मुदतीची कर्जे. हप्ते चुकू लागले तेव्हा समूहाचे कर्ज सुमारे ९१ हजार कोटी रुपये होते, आणि त्याच्या रोख्यांत अनेक ठिकाणच्या कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचेही पैसे अडकले होते. कामगाराने ज्या कंपनीचे फाटकही पाहिलेले नाही तिच्या देण्यांशी त्याचे म्हातारपण असे बांधलेले असते.

दुसरे असे की, गुणोत्तर कमी दिसले म्हणजे लगेच दवंडी पिटू नये. खाणावळ घ्या. गिऱ्हाईक जेवून उठताच पैसे देते, काही जण तर महिन्याचे आधीच भरतात. भाजीवाला आणि दूधवाला मात्र आठवड्याने किंवा महिन्याने पैसे नेतात. खाणावळीचे गुणोत्तर एकाखाली असू शकते आणि ती चाळीस वर्षे उत्तम चालू शकते. रोख विकणारी आणि उधार घेणारी मोठी दुकाने याच जातीची. विमान कंपनीही आगाऊ तिकिटांचे पैसे आधी घेते. उड्डाण होईपर्यंत ते पैसे तिच्या चालू देण्यांत राहतात.

पण या व्यवस्थेला एक अट आहे. चाक फिरत राहिले पाहिजे. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. तोपर्यंत कर्मचाऱ्यांचे पगार थकलेलेच होते. त्यात तिकिटे काढलेले प्रवासी, विमाने भाड्याने देणारे, इंधनवाले आणि बँका असे सगळे एकाच वेळी दारात उभे राहिले. पुढे पाच वर्षे ती पुन्हा उडवण्याचे प्रयत्न झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. तेव्हा कमी गुणोत्तराच्या धंद्यात पाहावयाचे ते हे, की विक्री रोजच्या रोज होते आहे का, आणि ती एक महिना थांबली तर काय होईल.

तारखेचा खेळ

ताळेबंद एका दिवसाचा असतो, हे विसरू नये. साखर कारखान्याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे. गाळप हिवाळ्यात चालते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावयाचे असतात. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. म्हणून पोती बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढावे लागते. ३१ मार्चला गोदाम साखरेने भरलेले आणि कर्जही शिगेला पोहोचलेले. सप्टेंबरअखेर दोन्ही उतरलेले. मार्चची तुलना मार्चशीच करावी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्या सहामाही ताळेबंदही प्रसिद्ध करतात. तो अवश्य पाहावा.

ऋतूचा हा खेळ निसर्गाचा. माणसाचाही एक खेळ आहे. समजा, चालू मालमत्ता १५०, चालू देणी १००, गुणोत्तर १.५. तीस मार्चला उधारी वसूल करून ५० बँकेत भरले. आता मालमत्ता १००, देणी ५०, गुणोत्तर दोन. एक एप्रिलला तेच पन्नास पुन्हा उचलले. कंपनी होती तशीच आहे, फक्त ३१ मार्चला न्हाऊनमाखून बसली होती. याची गंमत अशी की, गुणोत्तर एकाखाली असताना हा उपाय उलटतो. ८० भागिले १००, त्यातून चाळीस फेडले तर ४० भागिले ६०, ०.८ चे ०.६७ झाले. म्हणून आजारी कंपनीचा कल मार्चअखेर कोणालाच पैसे न देण्याकडे असतो, आणि पुरवठादारांना एप्रिलचे वायदे मिळतात. यावर उतारा एकच. वर्षभरात बँकेचे व्याज किती भरले ते नफा-तोटा पत्रकात पाहावे. कर्ज थोडे आणि व्याज फार दिसले तर वर्षभर कर्ज मोठे होते, हे उघड आहे.

कोणता कागद मागावा?

पूर्वी हे सगळे खणून काढावे लागे. आता कायद्याने पुष्कळसे छापून द्यावे लागते, आणि ते न वाचणे हा आपलाच आळस ठरेल. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना चालू गुणोत्तर स्वतःच जाहीर करावे लागते, आणि ते मागच्या वर्षीपेक्षा पंचवीस टक्क्यांहून अधिक बदलले तर कारण द्यावे लागते. आपल्या पंपांच्या कारखान्यात १.१३ चे १.३३ झाले ही वाढ अठरा टक्क्यांच्या आतबाहेर आहे; म्हणजे तेथे कारण देण्याची सक्तीही होणार नाही. वाचणाऱ्याने स्वतःच पुढचे पान उलटले पाहिजे. त्या पानावर येण्यांचे वय दिलेले असते: सहा महिन्यांच्या आतले, वर्षाच्या आतले, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांपलीकडचे. पुरवठादारांच्या देण्यांचेही वय असते, आणि त्यांत लहान उद्योगांचे देणे वेगळे दाखवलेले असते.

त्यानंतर हिशेबतपासनिसाच्या अहवालाची पुरवणी काढावी. काही लहान कंपन्या सोडल्या तर २०२० च्या आदेशानुसार त्याला तेथे ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, कर यांची वादात नसलेली रक्कम सहा महिन्यांहून अधिक थकली आहे काय? अल्प मुदतीचे पैसे दीर्घ मुदतीच्या कामी लावले आहेत काय? ताळेबंदाच्या दिवशीची देणी वर्षभरात जसजशी येतील तसतशी देण्याची कंपनीची क्षमता आहे काय? या तीन उत्तरांत सातवी पास माणसालाही कळेल इतके स्पष्ट काही लिहिलेले असते. हे कागद कंपनी निबंधकाकडे दाखल होतात आणि थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही.

शेवटी ‘संबंधितांशी व्यवहार’ या मथळ्याखालची टीप. तिचे महत्त्व आम्ही अनुभवाने सांगतो. एका कारखान्यात गुणोत्तर दोनाच्या जवळ होते आणि व्यवस्थापक म्हणत होते की, पगारवाढ सोडा, सणाची उचल द्यायलाही पैसे नाहीत. कामगार चिडले. त्यांचे म्हणणे, ताळेबंदात पैसे दिसताहेत, साहेब खोटे बोलताहेत, संप करू. आमच्या समितीने टीप वाचली तेव्हा दिसले की, येण्यातला मोठा भाग मालकांच्याच घरातल्या दुसऱ्या कंपनीकडे होता आणि दोन वर्षे वसूल झालेला नव्हता. म्हणजे तिजोरीत पैसे नाहीत हेही खरे, आणि पैसे कोठे गेले हेही स्पष्ट. फंडही चार महिने भरलेला नव्हता. त्या दिवशी आमची मागणी बदलली. पगारवाढ मागे ठेवली आणि लेखी करार मागितला: बहीण कंपनीने दरमहा हप्त्याने पैसे परत करावेत, आणि त्यातून आधी फंड, मग थकलेला पगार भरावा. यावर सभेत आम्हांला शिव्याही बसल्या. करार झाला. तो कारखाना तीन वर्षांनी बंद पडलाच. बाजारच गेला होता. पण बंद पडला त्या दिवशी कोणाच्या फंडाचा एक रुपयाही थकलेला नव्हता.

येथे संघटनेपुढचा खरा पेच आहे. पैसा असताना नाही म्हणणाऱ्या मालकापुढे गप्प बसणे हे कामगारांचे नुकसान. आणि पैसा खरोखर नसताना तो मागत बसून थकबाकी वाढू देणे हेही नुकसानच. गुणोत्तर आणि त्याचे पोट पाहिल्यावाचून यांतले कोणते प्रकरण आपल्यापुढे आहे ते कळत नाही. नुसत्या रागाने दोन्ही प्रसंगी एकच घोषणा दिली जाते.

हे वेळीच का कळावे, याचे उत्तर दिवाळखोरीच्या कायद्यात आहे. २०१६ च्या संहितेने कंपनी मोडीत निघाल्यावर वाटपाची रांग ठरवली. त्या प्रक्रियेचा खर्च आधी. मग तारणावरचा हक्क सोडलेल्या धनकोंच्या बरोबरीने कामगारांची मागच्या चोवीस महिन्यांची देणी. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या नोकरांची बारा महिन्यांची देणी त्यांच्यामागे. आणि विनातारण उधार देणारे त्याहून मागे. कागदावर ही जागा वाईट नाही. पण ती रांग वर्षानुवर्षे हलत नाही, आणि वाटायला काय उरले असेल ते कोणी सांगू शकत नाही. बंद फाटकासमोर हक्क सांगण्यापेक्षा चालू कारखान्यात थकबाकी वाढू न देणे केव्हाही शहाणपणाचे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपापल्या कारखान्याचे, आपण ज्यांना माल देतो त्या कंपनीचे, आपली ठेव आहे तेथले मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद मिळवा. एका फूलस्केप कागदावर पाच उभ्या ओळी आखा. चालू गुणोत्तर, आम्लकसोटी, येणे किती महिन्यांच्या विक्रीएवढे, मालसाठा किती महिन्यांचा, धंद्यातून आलेली रोकड, आणि थकलेला फंड, एवढे सहा आकडे वर्षावर्षाला मांडा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. तिला अभ्यासाचा उपयोग कळेल आणि तुम्हांला भागाकार तपासून मिळेल. दोन संध्याकाळींचे हे काम आहे. आपले श्रम, आपला माल आणि आपली ठेव आपण दर महिन्याला कोणाला उसनी देतो, ते या कागदावरून समजू लागेल.